उधारी चालेल, अर्धं काम नाही

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्याच्या अलीकडे, कराडहून येताना, रस्त्याच्या कडेला एक पत्र्याचं गॅरेज आहे. धड पाटीसुद्धा नाही. कुणाला पत्ता विचारला तर 'मेस्त्रींचं गॅरेज' एवढ्यावर माणूस बरोबर तिथं पोचतो. आमच्या घरावर अनेकांचे उपकार आहेत. अडीनडीला धावून आलेले नातेवाईक आहेत, मला शिकवणारे गुरुजी आहेत, बी-बियाणं उधारीवर देणारे दुकानदार आहेत. पण हा विषय निघाला की माझे वडील, आबा, शेवटपर्यंत पहिलं नाव या मेस्त्रींचं घ्यायचे. आबांना जाऊन आता काही वर्षं झाली. मेस्त्रींवर लिहू का, असं विचारायला मी मुद्दाम चिपळूणला गेलो तेव्हा ते म्हणाले, "लिही, पण नाव नको. काम लिही." म्हणून कामच लिहितो.

आम्ही पाटण तालुक्यातले. थोडी शेती आणि तिच्या जोडीला एक जुनी पिकअप. आबांनी ती दुसऱ्याच्या हातची घेतली होती. कराडच्या बाजारातून फ्लॉवर, कोबी, टोमॅटो, मिरची भरायची, मध्यरात्री निघायचं आणि उजाडायच्या आत चिपळूणच्या व्यापाऱ्यांकडे माल उतरवायचा, हा आमचा धंदा. मी तेव्हा कॉलेजात होतो. सुट्टीत आणि शनिवार-रविवारी आबांबरोबर क्लीनर म्हणून जायचो. २०१० च्या आसपासची ही गोष्ट.

हा रस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांना सांगायला नको. पाटण सोडलं, कोयनानगर-हेळवाक मागं पडलं की कुंभार्ली घाट लागतो. माथ्यावरून जे वळण सुरू होतं ते खाली पोफळी येईपर्यंत संपत नाही. मग शिरगाव, पिंपळी आणि चिपळूण. येताना गाडी रिकामी आणि चढाची. जाताना भरलेली आणि उताराची. म्हणजे सगळा भार ब्रेकवर यायचा तो नेमका माल भरलेला असतानाच. त्यात कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस. आषाढात हेडलाइटचा उजेड धुक्यात चार हातांपुढं जात नाही आणि रस्त्यावरून पाणी वाहत असतं. अशा वेळी ड्रायव्हरचा सगळा भरवसा उजव्या पायाखालच्या पेडलवर असतो.

उतारावर ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं कलतं. त्यामुळं थांबवण्याचं मोठं काम पुढची दोन चाकं करतात. आमच्या पिकअपला मागं ड्रम होते आणि पुढं डिस्क. चाकाबरोबर फिरणाऱ्या त्या लोखंडी चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. ही चिमटी म्हणजे कॅलिपर. त्याच्या पोटातल्या पिस्टनला ऑईल ढकलतं. ऑईल येतं ते गाडीच्या सांगाड्यावरच्या लोखंडी नळीतून. चाक मात्र वळतं, वरखाली होतं, म्हणून शेवटचा वीतभर टप्पा रबरी होजचा असतो. पेडलवरच्या पायाचा जोर आणि चाक यांच्यामध्ये जागच्या जागी वाकणारी एवढी एकच वस्तू आहे. ती बाहेरून काळी, धडधाकट दिसते. म्हणूनच तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

त्या वर्षी आमच्या गाडीला एक खोड लागली. ब्रेक दाबला की ती उजवीकडं ओढायची. घाट उतरताना उजवीकडं ओढणं म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीच्या अंगावर जाणं. आबा स्टेअरिंग डावीकडं दाबून धरायचे. घाट संपला की उजव्या चाकाजवळ जळकट वास यायचा आणि रिमला हात लावला तर चटका बसायचा. आमच्या बाजूच्या एका गॅरेजमध्ये पॅड बदलून झाले, चाकांचं अलाइनमेंट झालं, पुन्हा पॅड बदलले. दोन दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. पैसे जात होते, खोड जात नव्हती.

एका पहाटे माल उतरवून परत निघालो. नाक्याजवळ गाडी हळू झाली तेव्हा रस्त्याकडेला चहा पीत उभ्या असलेल्या एका माणसानं हात करून थांबवलं. अंगात तेलकट खाकी शर्ट, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. ते म्हणाले, "आबा, तुमचं उजवं चाक जळतंय. वास इथवर येतोय." आबांची आणि त्यांची ओळख नव्हती. आमच्या बाजूच्या वयस्कर माणसाला आबा म्हणतात एवढं त्यांना ठाऊक होतं. गाडी तशीच त्यांच्या गॅरेजात घेतली. तेच आमचे मेस्त्री.

त्यांनी आधी काहीच खोललं नाही. मागच्या चाकांना उट्या लावल्या, पुढची बाजू जॅकवर उचलली आणि खाली लोखंडी घोड्या दिल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर ते कधी गाडीखाली गेले नाहीत आणि कुणाला जाऊ दिलं नाही. मला पेडलवर बसवलं. "दाब. सोड." मग त्यांनी उजवं चाक हातानं फिरवून पाहिलं. ते हलेना. डावं फिरवलं, ते सरसर फिरलं. पुन्हा मला पेडल दाबून धरायला लावलं. डावं चाक तरीही त्यांच्या हातानं फिरत होतं. म्हणजे एक चाक धरलेलं सोडत नव्हतं आणि दुसरं मुळात धरतच नव्हतं. गाडी उजवीकडं का ओढते, हे कळायला एवढं पुरेसं होतं.

पण मेस्त्री तिथं थांबले नाहीत. उजव्या कॅलिपरचं एअर काढायचं निपल त्यांनी पान्यानं जरासं सैल केलं. ऑईलची बारीक चिळकांडी उडाली आणि अडकलेलं चाक त्याच क्षणी मोकळं झालं. ते म्हणाले, "पिस्टन ठीक आहे. दाब आत कोंडलाय. परत जायला वाट नाही त्याला." तो होज त्यांनी पुढं काढला तेव्हा हॅक्सॉच्या पात्यानं उभा चिरून माझ्या हातात दिला. बाहेरून त्यावर एक ओरखडा नव्हता. आतल्या रबराचा पापुद्रा मात्र सुटून नळीच्या तोंडावर आला होता. पाय जोरानं दाबला की त्या जोरापुढं पापुद्रा बाजूला व्हायचा आणि ऑईल कॅलिपरमध्ये जायचं. पाय उचलला की तो आडवा पडायचा आणि ऑईल आतच राहायचं. मग पॅड डिस्कला घासत राहायचे, डिस्क तापायची, पॅड झिजायचे. इतके दिवस आम्ही पॅड बदलत होतो आणि रोग या वीतभर रबराच्या पोटात होता.

डाव्या बाजूची कथा वेगळी. तिथं पिस्टन गंजून कॅलिपरमध्ये जाम झाला होता. ही गाडी आमच्याआधी बरीच वर्षं किनाऱ्यालगत मासळीच्या धंद्यात होती. खारी हवा आणि मासळीचं खारं पाणी, दोन्ही तिनं पोटभर खाल्लं होतं. आबांनी विचारलं, "किट टाकून भागेल का?" किट म्हणजे आतली रबरं. ती स्वस्तात येतात. मेस्त्रींनी पिस्टन खटपटीनं बाहेर काढला, फडक्यानं पुसला आणि माझं बोट धरून त्याच्या कडेवरून फिरवलं. गंजानं पडलेले बारीक खड्डे नखाला अडत होते. ते म्हणाले, "पिस्टनभोवती हे चौकोनी रबर असतं. पेडल सोडलं की तेच पिस्टनला केसभर मागं ओढतं आणि चाक मोकळं होतं. या खड्ड्यांवर नवीन रबर घातलं तर महिन्याभरात कापलं जाईल. मग ऑईल गळेल. कुठं? तर उतारावर, जिथं पाय जोरात पडतो तिथं."

त्यांनी हिशेब मांडला. दोन्ही कॅलिपर नवीन, दोन्ही होज नवीन, पॅडचा पूर्ण संच, ऑईल सगळं बदलायचं. आबांचा चेहरा उतरला. भावानं मार खाल्लेला हंगाम होता. टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आली होती. खिशात होते ते पैसे डिझेलचे आणि शेतकऱ्यांना द्यायचे. आबा म्हणाले, "मेस्त्री, आज डाव्या बाजूचा कॅलिपर आणि उजव्या बाजूचा होज एवढंच करू. बाकीचं दिवाळीनंतर बघू."

त्यावर मेस्त्री जे बोलले ते माझ्या मनात कोरलं गेलंय. आवाज न चढवता ते म्हणाले, "आबा, उधारी चालेल. अर्धं काम नाही. एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला जुनं घातलं, तर गाडी पुन्हा एकीकडं ओढणारच. तुम्ही पैसे वर्षानं द्या, नाही तर देऊ नका. पण माझ्या हाताखालून गेलेली गाडी एका बाजूनं घाट उतरायची नाय." आबा गप्प झाले. मेस्त्री सायकल काढून स्वतः स्पेअर पार्टच्या दुकानात गेले आणि स्वतःच्या खात्यावर माल घेऊन आले. दुकानदार आम्हाला ओळखत नव्हता. तो त्यांना ओळखत होता.

त्या रात्रीची आमची फेरी चुकणार होती. शेतकऱ्यांचा माल कराडात पडून राहिला असता. मेस्त्रींनी गॅरेजच्या फोनवरून ओळखीच्या एका गाडीवाल्याला गाठलं आणि आमचा माल त्याच्या गाडीतून आणायची सोय लावून दिली. दुपारी मेस्त्रींच्या पत्नीनं, काकूंनी, घरून भात आणि बांगड्याचं कालवण पाठवलं. आम्हाला वाटाणा-वांग्याची सवय. पण त्या जेवणाची चव आबा पुढं कितीतरी वर्षं सांगायचे.

काम मेस्त्रींनी केलं आणि मला करायलाही लावलं. कॅलिपर सोडवला की तो होजवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं वर टांगायचा. होजचा सांधा लोखंडी नळीशी सोडवताना साधा पाना लावला तर नटाचे कोपरे झिजतात, म्हणून आधी गंजावर तेल सोडून वाट पाहायची आणि मग नटाला चारही अंगांनी धरणारा पाना वापरायचा. नवा होज बसवताना त्यावर छापलेली पांढरी रेघ सरळ राहिली पाहिजे. ती वळली, तर होजला पीळ पडला असं समजायचं. कॅलिपरकडच्या बोल्टाला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वायसर नवेच घालायचे. जुना वायसर एकदा दबला की पुन्हा गळती रोखत नाही. सरकणाऱ्या पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावायचं, भलतं नाही. आणि रबराच्या आसपास डिझेल-पेट्रोल अजिबात आणायचं नाही, रबर फुगतं.

दोन नवे कॅलिपर माझ्यापुढं ठेवून त्यांनी विचारलं, "यातला डावा कोणता?" दोन्ही मला सारखेच दिसत होते. ते म्हणाले, "डावा उजवीकडं बसतोसुद्धा. पण मग निपल खाली येतं. हवा वर जमते. खालच्या भोकातून ती जन्मात निघायची नाही आणि पेडल कायम पोचट राहील. निपल वर आलं पाहिजे, एवढं बघ."

कॅलिपर बसल्यावर स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून होज कुठं ताणला जात नाही ना, टायरला घासत नाही ना, हे त्यांनी गाडीखाली झोपून पाहिलं. मग एअर काढायला घेतली. ऑईलची टाकी ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणून सर्वांत लांबचं चाक आधी. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवलेलं. मी पेडलवर. "दाब. धर. धरून ठेव." ते निपल उघडायचे, नळीतून बुडबुडे यायचे, पाय खाली जायचा, ते निपल बंद करायचे. "आता सोड." निपल बंद होण्याआधी पाय उचलला तर हवा परत आत शिरते. म्हणून त्यांच्या शब्दावाचून मी पाय हलवायचा नव्हता. मध्येच उठून ते टाकीतलं ऑईल पाहायचे. ती रिकामी झाली की सगळी मेहनत पाण्यात. आधी ऑईल काळपट येत होतं. हळूहळू ते स्वच्छ झालं, बुडबुडे थांबले आणि माझ्या पायाखाली पेडल टणक झालं. ब्रेक म्हणजे काय हे मला त्या दिवशी तळपायातून कळलं.

ऑईलचा डबा त्यांनी माझ्यासमोर सील तोडून उघडला होता. उरलेलं त्यांनी जपून ठेवलं नाही. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि कोकणाच्या हवेत पाण्याला काय तोटा. ताज्या डॉट ३ ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. लांब उतारावर तापलेल्या कॅलिपरमध्ये असं ऑईल उकळतं आणि त्याची वाफ होते. ऑईल दबत नाही, वाफ दबते. पाय मग पार तळाला जातो आणि चाकाला काही कळत नाही. हे सांगून ते म्हणाले, "म्हणून ज्या गेअरात घाट चढशील त्याच गेअरात उतर. अर्धं काम इंजिनाला करू दे. इथंच तेवढं अर्धं चालतं."

गाडी सुरू करण्याआधी त्यांनी आबांना पेडल चार-सहा वेळा दाबायला लावलं. नवे पॅड डिस्कला टेकेपर्यंत पहिला ब्रेक लागत नाही. हे न करता गाडी काढली तर ती गॅरेजच्या दारातच कुणाला तरी धडकते. मग आवारात, मग सपाट रस्त्यावर, मग छोट्या उतारावर टेस्ट मारली. परतून चारही चाकांना हात लावून पाहिला आणि सांध्यांवरून कोरडं फडकं फिरवलं. फडकं कोरडं निघालं तेव्हाच ते हात धुवायला गेले.

आबांनी ते पैसे थोडे थोडे करून फेडले. प्रत्येक वेळी मेस्त्री वहीत आकडा लिहायचे. कधी तगादा लावला नाही. शेवटचा हप्ता दिला तेव्हा आबांनी वर काही रक्कम ठेवली, ती त्यांनी परत केली. त्यानंतर आमच्या गाड्यांचं ब्रेकचं काम दुसरीकडं झालं नाही. त्याच गाडीच्या जोरावर माझं शिक्षण झालं, बहिणीचं लग्न झालं, आणखी दोन गाड्या आल्या.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूण पाण्याखाली गेलं. मेस्त्रींच्या गॅरेजातही पाणी शिरलं. घाटाचा रस्ता मोकळा झाल्यावर मी त्यांना फोन लावला. पिण्याचं पाणी, धान्य, चादरी भरून घेतल्या होत्या. आणखी काय आणू, असं विचारलं. मला वाटलं, ते घरातलं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "ब्रेक ऑईलचे बंद डबे मिळतील तेवढे आण. तांब्याचे वायसर आण. पिकअपचे होज आण." पुरात बुडालेल्या गाड्यांच्या टाकीत पाणी गेलं होतं, ड्रममध्ये गाळ भरला होता, कॅलिपर चिखलानं माखले होते. त्याच गाड्या लोक घाईघाईनं धुऊन मदतीच्या कामाला लावत होते. इंजिन सुरू झालं की गाडी बरी झाली असं त्यांना वाटत होतं. मेस्त्री स्वतःच्या घरातला गाळ काढायचा सोडून रस्त्याकडेला बसून येईल त्या गाडीचं ऑईल बदलत होते, एअर काढत होते. मजुरी कुणाकडून घेत नव्हते. मी त्या वेळी त्यांच्याजवळ राहिलो आणि पेडलवर बसलो.

ते सामान माझ्याकडून तसंच घ्या, अशी मी खूप गळ घातली. त्यांनी बिल मागून घेतलं आणि पुढं काही महिन्यांनी पैसे पाठवले. मी नाराज झालो तेव्हा म्हणाले, "तुझ्या आबांनी माझी उधारी बुडवली नाही. मी तुझी कशी बुडवू?" आमचं देणं त्यांनी असं कधीच फिटू दिलं नाही.

आता त्यांची नजर अधू झालीय. काम त्यांचे दोन शागीर्द करतात. ते खुर्चीवर बसून ऐकतात आणि विचारतात, "वायसर नवे घातलेस ना?" आमच्याकडं आज तीन पिकअप आहेत. मृग लागायच्या आत तिन्हींचे होज वाकवून पाहिले जातात, ऑईल बदललं जातं, चाकं उचलून हातानं फिरवून बघितली जातात. पैसे नाहीत म्हणून एखादा ड्रायव्हर एकाच बाजूचं काम करून निघाला, तर दुसऱ्या बाजूचे पैसे मी घालतो. मेस्त्रींचं ऋण फेडण्याचा याहून चांगला रस्ता मला सापडलेला नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी घाटातून गाडी नेत असेल, तर त्याला एकच विनंती. ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढत असेल, प्रवास संपल्यावर एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापत असेल, तर नुसते पॅड बदलून समाधान मानू नका. होज आणि कॅलिपर खोलून पाहायला सांगा. मेस्त्री म्हणाला दोन्ही बाजू करा, तर दोन्ही करा. पैसे कमी पडत असतील तर उधारी मागा, ती मागण्यात कमीपणा नाही. पण अर्ध्या ब्रेकवर घाट उतरू नका.